स्विफ्ट खाली बसवायचीय, स्प्रिंग कापू का बदलू?

आधी तुझा प्रश्न परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल. २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, राहायला कोपरखैरणे, रोज ऐरोलीवरून घोडबंदर रोडला ऑफिस. गाडी खाली बसवायचीय, म्हणजे उंची कमी करायचीय. गॅरेजवाला म्हणतो चारही स्प्रिंगचा दीड दीड राऊंड कापतो, अडीच हजार दे, दोन तासात गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो कापायची गरजच नाही, गॅसने गरम करून बसवतो. मित्र म्हणतो लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली करायला तयार मिळणारी आखूड स्प्रिंग, टाक. आणि तू विचारतोयस की शेवटी तिन्हीत गाडी खालीच येणार ना, मग पैसे का घालवू.

खाली येणार हे खरंय. पण मी गेली बावीस वर्षं हेच काम करतोय, आधी वागळे इस्टेटला, आता तुर्भ्याला, आणि प्रत्येक पोराला एकच सांगतो की गाडी किती खाली आली ते नंतर बघ, खाली आल्यावर चाकाला वर-खाली व्हायला किती जागा उरली ते आधी बघ. सगळं त्या उरलेल्या जागेवर आहे. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर पावसाळ्यात गाडी कशी चालणार, शॉकअप किती टिकणार, टायर आतून खाणार का, मागे बसलेल्याची कंबर राहणार का, सगळं.

आता आकड्यात सांगतो. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुझ्या स्प्रिंगचे नाहीत, पण हिशोब असाच चालतो. धर पुढची स्प्रिंग मोकळी ठेवली तर ३६० मिलिमीटर उंच आहे, सहा राऊंड आहेत, आणि एक मिलिमीटर दाबायला २ किलो लागतात. तिच्यावर गाडीचं ३०० किलो वजन आलं की ती १५० मिलिमीटर दबणार, म्हणजे गाडी उभी असताना स्प्रिंगची उंची २१०. आता एक राऊंड कापला. ६० मिलिमीटर गेले, उरली ३००. पण राऊंड कमी झाले की स्प्रिंग कडक होते, तार तीच, घेर तोच, फक्त राऊंड सहाचे पाच, म्हणजे कडकपणा ६ भागिले ५, २० टक्के जास्त, २ च्या जागी २.४ किलो. तेच ३०० किलो आता १२५ मिलिमीटरच दाबतात. ३०० वजा १२५, १७५. म्हणजे कापले ६० आणि गाडी खाली आली ३५. बरेच जण इथेच फसतात, कापल्यावर बघतात, म्हणतात अरे एवढीच आली, अजून अर्धा उडव.

म्हणून दीड राऊंड कापला तर काय होतं ते बघ. मोकळी स्प्रिंग उरली २७०, कडकपणा झाला २.६७, उभी उंची साधारण १५७. गाडी ५२-५३ मिलिमीटर खाली. दिसायला एकदम भारी. पण कंपनीच्या उंचीला चाकाला वर जायला, म्हणजे बंप स्टॉपच्या रबरला टेकेपर्यंत, ७० मिलिमीटर जागा होती असं धरलं तर आता उरली १८ मिलिमीटर. १८ म्हणजे तुझ्या करंगळीच्या जाडीपेक्षा थोडं जास्त. एवढ्या जागेत तुला घोडबंदर रोडवर माजिवडा ते गायमुख रोज जायचंय.

आणि स्प्रिंग कडक झालीय की मग आता कमी दबेल, असं सगळे म्हणतात. होय, कमी दबेल, पण किती? खड्ड्याचा धक्का स्प्रिंगमध्ये साठतो तो अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने. जागा निम्मी केली तर तेवढाच धक्का पचवायला स्प्रिंग चौपट कडक लागते. एक राऊंड कापून आपण जागा निम्मी केली, ७० ची ३५, आणि स्प्रिंग कडक झाली फक्त २० टक्के. बाकीचा धक्का कोण घेणार, तर बंप स्टॉप, वरचं माउंटिंग, त्याच्यातलं बेअरिंग आणि शेवटी बॉडी. मग वर्षभरात पुढून कटकट आवाज, स्टिअरिंग फिरवताना करकर, आणि माणूस येऊन सांगतो की शॉकअप डुप्लिकेट निघाले. शॉकअप चांगले होते रे, त्यांना रोज खालच्या टोकाला आपटवलंय.

ही झाली वरची बाजू. खालची बाजू जास्त धोक्याची आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. चाक खड्ड्यात जातं किंवा गाडी जॅकवर उचलतो तेव्हा चाक लटकतं, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या आणि खालच्या बैठकीतलं अंतर वाढतं. कितीपर्यंत वाढणार ते शॉकअपची लांबी ठरवते, स्प्रिंग नाही. आपल्या हिशोबात उभं अंतर २१० होतं, चाक अजून ८० खाली लटकतं धर, म्हणजे २९०. कंपनीची ३६० ची स्प्रिंग तिथेही दाबलेलीच राहते. एक राऊंड कापलेली ३०० ची, १० मिलिमीटरने का होईना, धरून राहते. दीड राऊंडवाली २७० ची, तिच्यात आणि बैठकीत २० मिलिमीटर मोकळं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, स्प्रिंग शॉकअपच्या भोवतीच असते म्हणून पडत नाही, पण फिरते, तिचं टोक बैठकीच्या खाचेतून निघतं आणि परत बसताना वाकडी बसते. मागे तुझ्या गाडीला टॉर्शन बीम आहे, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. तिथे मोकळी झालेली स्प्रिंग जागा सोडून सरकू शकते.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी ऐन जुलैत माझ्याकडे एक हॅचबॅक आली, तक्रार काय तर मागून टकटक आवाज. लिफ्टवर घेतली, मागची चाकं लटकली आणि डावी स्प्रिंग मी दोन बोटांनी गोल फिरवली. उजवी तर बैठकीच्या कडेवर चढून बसली होती, बाजूला ब्रेकचा पाइप, दोघांत फार तर दोन बोटं अंतर. दुसरीकडे कापून आणली होती, जास्त बसवायची म्हणून मागे दोन राऊंड. मालक बायको-पोराला घेऊन त्याच गाडीने शिळफाट्यावरून येऊन-जाऊन करत होता, मागच्या सीटवर पोराची खुर्ची लावलेली. मी त्याला खाली बोलावून हात लावून दाखवलं, तो बराच वेळ काही बोललाच नाही. त्याच दिवशी जुन्या मापाच्या नव्या स्प्रिंग मागवून टाकल्या. तेव्हापासून मी मागची स्प्रिंग कापायचं काम घेत नाही, कितीही ओळखीचा असो.

गरम करण्याबद्दल जास्त लिहायची इच्छा नाही पण लिहितो, कारण अजून चाललंय. स्प्रिंगचं पोलाद कडक करून मग ठराविक तापमानाला परत तापवून तयार केलेलं असतं, लवचिकपणा त्याच्यात त्या तापवण्यामुळे येतो. गॅसची ज्योत धरली आणि तार लाल दिसायला लागली म्हणजे साडेपाचशे-सहाशे अंशांच्या पुढे गेली, त्या जागेचं सगळं पाणी, म्हणजे तापवून आणलेला कडकपणा, गेलं. हवेत गार झाली तर मऊ पडते आणि बसत राहते, कोणी घाईत ओलं फडकं मारलं तर ठिसूळ होते आणि पुढे कधीतरी तडकते. डावी किती तापली उजवी किती तापली काही माप नाही, म्हणून अशा गाड्या एका बाजूला झुकलेल्या दिसतात. हे करू नकोस. अडीच हजार तर सोड, फुकट करून देतो म्हणाला तरी नको.

मग कापणं कधीच चालत नाही का? चालतं, पण अटी आहेत. स्प्रिंगचं टोक साधं, सरळ कापलेलं असलं पाहिजे. टोक आत वळवून लहान केलेलं असेल, डुकराच्या शेपटीसारखं, किंवा घासून सपाट केलेलं असेल तर कापल्यावर ती बैठकीत बसतच नाही. राऊंड सगळे सारख्या अंतराचे हवेत. काही स्प्रिंगना एका बाजूला जवळजवळ राऊंड असतात, ते गाडीच्या वजनाने आधीच मिटलेले असतात, ते कापले तर गाडी फारशी खाली येत नाही आणि लटकल्यावर मात्र मोकळी होते, म्हणजे नुकसान तेवढं झालं आणि फायदा काहीच नाही. कापायचं तर पातळ डिस्कच्या ग्राइंडरने, बाजूला ओलं फडकं गुंडाळून, पाव पाव राऊंड करत, दोन्ही बाजू अगदी सारख्या. कापलेल्या टोकाला लगेच प्रायमर आणि रंग, कारण वरचं कोटिंग गेलं की आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, गंज धरायला वेळ लागत नाही. गंजाचा एक छोटा खड्डा पडला की तिथूनच तडा सुरू होतो. पावसाळ्यानंतर माझ्याकडे ज्या तुटलेल्या स्प्रिंग येतात त्यातल्या बहुतेक खालच्या राऊंडलाच, जिथे चिखल साचतो, तिथे तुटलेल्या असतात. एवढं सगळं करून पाऊण राऊंडच्या पुढे मी जाऊ देत नाही, आणि तेही फक्त पुढे. ट्रॅकवर चालवायच्या, आठवड्याला तपासायच्या गाडीसाठी ठीक. तुझ्यासारख्या रोजच्या गाडीला माझं उत्तर नाही असंच आहे.

लोअरिंग स्प्रिंगमध्ये फरक काय, तीही छोटीच असते ना? छोटी असते पण बनवणाऱ्याने तारेची जाडी बदललेली असते. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो, १२ ची तार १३ केली की बाकी सगळं तेच ठेवून ३७-३८ टक्के कडक. म्हणजे राऊंड, तार आणि अंतर यांचा मेळ घालून तो असं करू शकतो की गाडी २५-३० मिलिमीटरच खाली यावी, कडकपणा हवा तेवढाच वाढावा आणि लटकल्यावरही स्प्रिंग दाबलेली राहावी, त्यासाठी जवळजवळ राऊंड ठेवतात जे फक्त लटकल्यावर उघडतात. आयबाख, एच अँड आर वगैरे हेच करतात. जर्मनीत तर अशा स्प्रिंगला टीयूव्हीचा, म्हणजे तिथल्या तपासणी संस्थेचा, कागद लागतो, कुठल्या गाडीला, कुठल्या टायर साइजबरोबर चालेल ते त्याच्यात लिहिलेलं असतं. खोक्यावर मोठं नाव आहे म्हणून घेऊ नकोस, तुझ्याच मॉडेलचा, तुझ्याच इंजिनचा पार्ट नंबर आहे का आणि पुढच्या-मागच्या एक्सलला किती वजनापर्यंत चालते ते बघ. परदेशात त्याच नावाची गाडी आपल्यापेक्षा कमी उंचीवर विकलेली असू शकते, तिथे ३० खाली असं लिहिलेलं असेल तर इथे ते ३० धरून चालू नकोस.

शॉकअपचं. बरेच जण म्हणतात स्प्रिंग बदलली की शॉकअप बदललाच पाहिजे. मी एवढं ताणत नाही. शॉकअपचं काम म्हणजे दबलेली स्प्रिंग उसळताना तिला आवरणं, आणि २० टक्के कडक स्प्रिंगला साधारण ९-१० टक्केच जास्त आवर लागतो. शॉकअप नवा-निरोगी असेल तर तेवढं तो सांभाळतो. पण तुझी गाडी २०१९ ची आहे, ६०-७० हजार किलोमीटर झाले असतील तर तो कंपनीच्या स्प्रिंगलाच धड आवरत नसणार, त्याच्यावर नवी कडक स्प्रिंग टाकली की गाडी पाम बीच रोडवर पुलांच्या जॉइंटवर उड्या मारत जाणार. मग तू स्प्रिंगला शिव्या देणार. ४० मिलिमीटर किंवा जास्त खाली जायचं असेल तर मात्र आखूड रॉडचा शॉकअप हवाच, बिलस्टीनची बी ८ मालिका त्याच कामासाठी बनवलेली आहे, तुझ्या गाडीला बसणारं मिळतंय का ते पार्ट नंबरवरून बघावं लागेल. बंप स्टॉप कापायला सांगतात काही जण, स्प्रिंगच्या कागदात किती कापायचा ते लिहिलं असेल तरच कापायचा. तो पूर्ण काढून टाकणाऱ्याला गाडी देऊच नकोस.

वळणावरचं पण सांगतो कारण तू लिहिलंयस की हँडलिंग सुधारेल. थोडं खाली आणि थोडं कडक, सुधारतं. खूप खाली, उलटं होतं. पुढच्या लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, बाहेरचं टोक कंपनीच्या उंचीला थोडं खाली झुकलेलं असतं. गाडी खाली आणली की तो आडवा होतो, अजून आणली की बाहेरचं टोक वर जातं. मॅकफर्सनमध्ये असं झालं की गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, म्हणजे गाडी खाली असूनही तिला झुकवणारा जोर वाढतो. शिवाय टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो, एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआप ओढल्यासारखं होतं. आणि टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते माप, बिघडला की टायर आतल्या कडेने खातो, बाहेरून चाक नवं दिसतं, आतून तारा निघालेल्या असतात. म्हणून अलाइनमेंट दोनदा, एकदा काम झाल्यावर लगेच आणि एकदा ५०० किलोमीटरनंतर, कारण नवी स्प्रिंग बसते, चार-पाच मिलिमीटर अजून खाली येते.

आता रस्ता. तुझ्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीने १६३ मिलिमीटर दिलाय, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २४५०. आयआरसी, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या, ९९ क्रमांकाच्या १९८८ च्या नियमात गतिरोधक कसा असावा ते दिलं होतं, ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोल. अशा गतिरोधकावर दोन्ही चाकांच्या मध्ये पोट किती घुसतं काढलं तर ४४ मिलिमीटर येतं. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावर बरीच खाली केलेली गाडीसुद्धा घासणार नाही. पण तुझ्या सोसायटीच्या गेटवरचा काय तसा असतो का? तो हातभर रुंद आणि १५-१६ सेंटिमीटर उंच, अख्खा दोन चाकांच्या मध्ये मावतो, तिथे सगळा हिशोब सरळ क्लिअरन्सवर येतो. त्यात चार माणसं बसली की गाडी आधीच खाली आलेली. आणि पोडियमच्या पार्किंगचा रॅम्प, जिथे तो उतार संपून सपाट होतो तिथे पुढचा बंपर आणि वर चढताना मधलं पोट, ते तू आत्ताच, काही काम करायच्या आधी, घरच्यांना गाडीत बसवून बघ. कुठे बोटभर जागा उरते, कुठे नाही. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, फुटला तर तेल जाईल आणि कळायच्या आत इंजिन जाईल, चेंबर गार्ड लावणार असशील तर त्याचीही जाडी त्याच जागेतून वजा कर.

सीएनजी आहे का ते तू लिहिलं नाहीस, पेट्रोल म्हणालास म्हणून नाही धरतो. इतर कोणी वाचत असेल तर, डिकीत सिलिंडर असेल तर साधारण ७० किलो कायमचे मागच्या एक्सलवर आहेत, मागची स्प्रिंग खाली करायचा विचारच सोडा.

कायद्याचं एकदाच लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवल्याशिवाय हात लावू नकोस. उद्या अपघात झाला आणि सर्व्हेअरने कापलेली स्प्रिंग बघितली तर क्लेमचा वाद तुझ्या अंगावर येईल. हे सगळं समजून करायचं तर कर.

मी तुझ्या जागी काय करेन विचारशील तर, २५ मिलिमीटर, एवढंच. आधीच्या हिशोबात ७० पैकी ४५ उरतात, ते आपल्या रस्त्यांना कसंबसं पुरतं. चारही स्प्रिंग एकाच सेटच्या, शॉकअप तपासून थकले असतील तर त्याच वेळी बदललेले, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग नवीन, कारण एकदा उघडल्यावर परत उघडायची मजुरी दुप्पट. मेकॅनिकला दोन गोष्टी सांग, नव्हे त्याच्या बाजूला उभं राहून बघ. एक, स्ट्रटचा वरचा नट स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी समोरासमोर लावून, स्प्रिंग बैठकीपासून सैल झाल्यावरच उघडायचा. त्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोचा जोर साठलेला असतो, तोंडासमोर सुटली तर माणूस जातो, घरी तर हे अजिबात करू नकोस. दुसरं, लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करायचे नाहीत. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं, लटकलेल्या अवस्थेत टाइट केलं आणि मग गाडी खाली ठेवली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसात फाटतं. गाडी चाकांवर उभी करून, दोनदा दाबून, मग टॉर्क रेंच. दहातले आठ गॅरेज हे करत नाहीत आणि मग बुशला नावं ठेवतात. काम झालं की हेडलाइटचा झोत पण बघून घे, पुढे-मागे वेगळी खाली आली तर समोरच्याच्या डोळ्यात जातो.

जुन्या चारही स्प्रिंग पुसून, थोडं तेल लावून, डावी-उजवी लिहून माळ्यावर ठेव, भंगारवाल्याला देऊ नकोस. गाडी विकताना नाहीतर एखाद्या खराब पावसाळ्यात तुलाच लागतील.

आणि काम करायच्या आधी रविवारी एवढं कर. सपाट जागेत, टायरमध्ये बरोबर हवा भरून, चारही चाकांच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोज, जमिनीपासून नको, टायर झिजला की ते माप बदलतं. मग मागे दोघांना बसवून परत मोज. हे आठ आकडे आणि गाडी किती किलोमीटर चाललीय ते लिही, मग शॉकअप ठेवायचे की बदलायचे ते सांगतो.